ब्लँकमध्ये सापडणारं एलएएस आणि नदीत हरवणारं एलएएस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नदीच्या पाण्यात मिथिलीन ब्लू पद्धतीने (एमबीएएस) ०.०८ मिलिग्रॅम प्रति लिटर अ‍ॅनायोनिक, म्हणजे ऋणभारित, डिटर्जंट येतात. तेच पाणी सी-१८ कार्ट्रिजमधून (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ धरून ठेवणारी छोटी नळी) काढून एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ कॉलममधून वेगळे करणारं यंत्र), यूव्हीला २२५ नॅनोमीटरवर लावलं, तर एलएएसच्या (लिनिअर अल्किलबेंझीन सल्फोनेट, कपड्यांच्या पावडरीतला नेहमीचा अ‍ॅनायोनिक) जागी एक फुगलेली टेकडी दिसते. ब्लँकमध्ये (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेल्या चाचणीत) मात्र चार सुबक पीक, म्हणजे आलेखातली टोकं, येतात. कॉलम गेलाय, पद्धत चुकतेय, की नदीत काहीच नाही? आणि नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट (भाररहित डिटर्जंट), बेंझाल्कोनियम (धनभारित जंतुनाशक) हेही त्याच इंजेक्शनमध्ये मोजता येतील का?

कॉलम ठीक आहे. ब्लँकमध्ये चार सुबक पीक येतात हाच त्याचा पुरावा. नदीतही बहुधा एलएएस आहे, फक्त यूव्हीला ते त्या टेकडीतून वेगळं काढता येत नाही. अडचणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही: डिटेक्टर चुकीचा निवडलाय, आणि प्रयोगशाळेतला साबण नमुन्यात येतोय. दुसरी अडचण जास्त त्रास देणार, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

आधी एमबीएएसचं. ही पद्धत कुठलाही एक पदार्थ मोजत नाही. निळ्या कॅटायनिक (धनभारित) रंगासोबत जोडी करून क्लोरोफॉर्ममध्ये उतरणारं जे काही असेल, ते सगळं ६५२ नॅनोमीटरला एकत्र मोजलं जातं. त्यात एलएएस असतं, अल्किल सल्फेट आणि अल्किल इथर सल्फेट असतात, नैसर्गिक ह्युमिक आम्लं असतात, आणि नायट्रेट, क्लोराइड, थायोसायनेट जास्त असतील तर तेही थोडा हात मारतात. उलट पाण्यात कॅटायनिक सरफॅक्टंट (साबणासारखे, पृष्ठभागावर जाऊन बसणारे पदार्थ) किंवा अमाइन असतील तर ते अ‍ॅनायनला धरून ठेवतात आणि आकडा कमी येतो. त्यामुळे एमबीएएस ८० मायक्रोग्रॅम आणि एलसीवरचं, म्हणजे एचपीएलसीवरचं, एलएएस १० किंवा १५ मायक्रोग्रॅम आलं तर गडबडून जाऊ नका. नदीच्या पाण्यात असा फरक नेहमीचाच. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. उलटं झालं, म्हणजे एलसीचं एलएएस एमबीएएसपेक्षा जास्त आलं, तर मात्र स्टँडर्ड (ज्ञात प्रमाणाचं तुलनेचं द्रावण) पुन्हा तपासा.

आता ब्लँक. सुरुवातीच्या काळात माझ्या एका तुकडीत सलग तीन आठवडे सी-११ आणि सी-१२ एलएएसचे (आकडा म्हणजे रेणूच्या शेपटीतले कार्बन) पीक येत होते. मिथेनॉल बदललं, कार्ट्रिजचा लॉट बदलला, पाणी बदललं, कॉलम रात्रभर धुतला. काही फरक नाही. शेवटी प्रत्येक टप्पा वेगळा काढून इंजेक्ट करायला घेतला: नुसतं मिथेनॉल, नायट्रोजनखाली उडवलेलं मिथेनॉल, कोऱ्या कार्ट्रिजमधून काढलेलं मिथेनॉल, आणि शेवटी फिल्टरच्या काचेच्या फनेलमधून ओतलेलं मिथेनॉल. शेवटचं लावलं आणि तेच पीक उभे राहिले. फनेलमधली छिद्रं असलेली काचेची तबकडी कुणीतरी रोज प्रेमाने डिटर्जंट पावडरने घासत होतं. त्या छिद्रांमधून साबण पाण्याने जात नाही. मिथेनॉल आलं की लगेच निघतो. एलएएस अक्षरशः हात धुवून मागे लागतं.

म्हणून माझा नियम साधा आहे. सरफॅक्टंटच्या कामाची काचेची भांडी वेगळी, त्यांना डिटर्जंटचा स्पर्शही नाही. गरम पाणी, मग मिथेनॉल, आणि मापाची नसलेली भांडी ४५० अंशाला भाजायची. मापाचे फ्लास्क भाजू नका, त्यांचं माप बिघडतं. ते मिथेनॉलने तीनदा विसळले की पुरे. हात साबणाने धुऊन लगेच कार्ट्रिज हाताळू नका; द्रवरूप हँडवॉशमध्ये अल्किल इथर सल्फेट भरपूर असतं. फरशी पुसण्याच्या औषधात बेंझाल्कोनियम असतं, आणि फरशी पुसून झाल्यावर तासाभराने काढलेल्या ब्लँकमध्ये ते सापडलेलं मी पाहिलंय. प्लास्टिकमधूनही काही येतं: ट्रिस-नॉनिलफेनिल फॉस्फाइट नावाचा अँटिऑक्सिडंट काही प्लास्टिकांत असतो आणि तो फुटला की नॉनिलफेनॉल सुटतं. काही मेम्ब्रेन फिल्टर कारखान्यातूनच ओलं होण्यास मदत करणारा सरफॅक्टंट लावून येतात. नवा लॉट आला की एक फिल्टर मिथेनॉलने धुऊन ते धुवण इंजेक्ट करा. दहा मिनिटांचं काम आहे.

नमुना घेण्याच्या जागी उलट संकट असतं, तिथे पदार्थ नमुन्यातून निसटतो. सरफॅक्टंटला पाण्यात राहायला मुळात आवडत नाही. रेणूचं एक टोक पाण्याला चिकटतं, दुसरं पाणी टाळतं, त्यामुळे जिथे पृष्ठभाग मिळेल तिथे तो जाऊन बसतो: हवेच्या सीमेवर, फेसात, गाळाच्या कणावर, बाटलीच्या भिंतीवर. नदीतली पातळी मिसेल (रेणू एकत्र येऊन होणारे गोळे) बनण्याच्या पातळीपेक्षा (सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी ती सुमारे ८ मिलिमोलर आहे) कितीतरी खाली असते, म्हणून इथे सगळा व्यवहार सुट्या रेणूंचा आणि पृष्ठभागांचा.

यातून नमुना घेण्याचे नियम आपोआप निघतात. पाण्याचा वरचा थर टाळा, साधारण २० ते ३० सेंटिमीटर खालून पाणी घ्या. फेस दिसत असेल तर फेसाच्या शेजारून घ्या आणि नोंदीत तसं लिहा. बाटली नदीच्याच पाण्याने विसळायची सवय इतर कामांत चांगली, इथे ती नडते. विसळताना भिंतीवर एक थर आधीच बसतो आणि तो पुढे तुमच्या हिशेबात जमा होतो. बाटली काठोकाठ भरा आणि हलवू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या बाटलीतून मोजपात्रात ५०० मिलिलिटर ओतून घेऊ नका. असं ओतताना बाटलीच्या गळ्याशी जो फेसाचा पट्टा राहतो ना, बोटभर रुंद, त्यात तुमचं सी-१३ एलएएस बसलेलं असतं. बाटली आधी वजन करा, अख्खी कार्ट्रिजमधून काढा, रिकामी बाटली ५ ते १० मिलिलिटर मिथेनॉलने विसळा आणि तेच मिथेनॉल पुढे कार्ट्रिज उतरवायला वापरा. नंतर रिकाम्या बाटलीचं वजन घेतलं की पाण्याचं आकारमान निघतं.

नमुना टिकवणं हा दुसरा मुद्दा. एलएएस हवेशीर पाण्यात जिवाणू फार वेगाने खातात. कोमट पाण्यात काही तासांत घट दिसू लागते, त्यामुळे संध्याकाळी नमुना घेऊन सकाळी काढू असा विचार करू नका. जागेवरच फॉर्मॅलिन घालायचं, बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण आकारमानाने १ टक्का, आणि ४ अंशाला ठेवायचं. फॉर्मॅलिन नको असेल, आणि नको वाटणं रास्तच आहे, तर जागेवरच कार्ट्रिजमधून पाणी काढा, कार्ट्रिज हवेने कोरडी करा आणि थंड ठेवून आणा. मला हा मार्ग जास्त आवडतो: बाटल्यांचं ओझं कमी, आणि भिंतीला चिकटण्याची भीतीही कमी.

गाळण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, माझं असं. काचतंतूचा ०.७ मायक्रोमीटरचा, भाजलेला फिल्टर वापरा, आणि फिल्टर फेकून देऊ नका. तो मिथेनॉलमध्ये वेगळा काढा. एलएएसच्या शेपटीत एक कार्बन वाढला की कणांना चिकटण्याचं प्रमाण साधारण दोन ते तीन पट होतं, म्हणून सी-१० पाण्यात आणि सी-१३ गाळावर अशी विभागणी होते. नुसतं गाळलेलं पाणी मोजून त्याला 'एकूण एलएएस' म्हणणं चूक आहे. अहवालात 'विरघळलेलं' असं लिहायची तयारी असेल तर ठीक.

कार्ट्रिजबद्दल फार बोलत नाही. एकट्या एलएएससाठी सी-१८ पुरेशी आहे: मिथेनॉल, पाणी, नमुना, मग पाणी-मिथेनॉलचं सौम्य मिश्रण (मिथेनॉल ३० टक्के) धुण्यासाठी, आणि शुद्ध मिथेनॉलने उतरवणं. नॉन-आयोनिक (भाररहित) वेगळे करायचे असतील तर पुढे तीव्र अ‍ॅनायन-एक्सचेंज कार्ट्रिज लावा. नॉन-आयोनिक सरळ निघून जातात, सल्फोनेट अडकतात. नायट्रोजनखाली उडवताना पूर्ण कोरडं करू नका. नॉनिलफेनॉल उडून जातं आणि लांब शेपटीचं एलएएस काचेला चिकटतं. अर्धा मिलिलिटर शिल्लक असताना थांबा आणि ५० टक्के मिथेनॉलपर्यंत आणून १ मिलिलिटर करा. यापेक्षा जास्त पाणी घातलंत तर सी-१३ व्हायलच्या भिंतीवर जाईल. यापेक्षा जास्त मिथेनॉल ठेवलंत तर पहिले पीक बसके आणि पसरट येतील.

आता डिटेक्टर. तुमच्या यंत्रात फ्लुरोसन्स (रेणूची चमक मोजणारा डिटेक्टर) आहे असं तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलंय, आणि तेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एलएएसला उत्तेजन २२५ ते २३० आणि उत्सर्जन २९० ते २९५ नॅनोमीटर लावा. नदीतलं ह्युमिक द्रव्य २२५ला यूव्ही भरपूर शोषतं, म्हणून ती टेकडी. पण ते चमकतं साधारण ४०० नॅनोमीटरच्या पुढे, त्यामुळे २९०च्या खिडकीतून बघणाऱ्याला ते जवळपास दिसतच नाही. टायरोसिनसारखी प्रथिनद्रव्यं ३०० च्या आसपास थोडी चमकतात, पण ती सी-१८वर फार थांबत नाहीत, सुरुवातीलाच निघून जातात. एक लक्षात ठेवा: विरघळलेला ऑक्सिजन अल्किलबेंझीनची चमक मारतो. डीगॅसर बिघडला तर पीकची उंची दिवसभर हळूहळू घसरते आणि माणूस उगाच दिव्याला दोष देतो.

मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, मीठ हवंच. एलएएस नेहमी ऋणभारित असतं. मीठ नसेल तर ते सिलिकाच्या छिद्रांमधून ढकललं जातं, लवकर निघतं आणि पीक विचित्र होतं. फ्लुरोसन्ससाठी जुना आणि भरवशाचा मार्ग म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी आणि त्यात ०.१ मोलर सोडियम परक्लोरेट. काम संपलं की कॉलम आणि पंप मीठविरहित पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइलने नीट धुवा, आणि परक्लोरेटचं टाकाऊ द्रव उघड्यावर सुकू देऊ नका. मास स्पेक्ट्रोमीटरला (आयनांच्या वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राला) हे मीठ अजिबात चालत नाही; तिथे ५ मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेट.

कॉलम सी-१८ की सी-८, यावर माझं उत्तर तुमच्या हेतूवर अवलंबून आहे. प्रत्येक शेपटीच्या लांबीचे, म्हणजे प्रत्येक होमोलॉगचे अनेक समघटक असतात: बेंझीनचं वलय शेपटीच्या दुसऱ्या कार्बनला, तिसऱ्याला, असं कुठेही जोडलेलं. सी-८वर हे सगळे एकत्र येऊन सी-१० ते सी-१३ असे चार नीट पीक देतात, आकडेमोड सोपी. सी-१८वर तेच पीक फुटतात: मधे जोडलेले समघटक आधी आणि २-फेनिल सगळ्यात शेवटी, खांद्यासारखा. आकडेमोड करणारे या खांद्याला वैतागतात. मी तो मुद्दाम ठेवतो, का ते सांगतो.

बाजारातल्या एलएएसची सरासरी शेपटी साधारण ११.६ कार्बनची असते, म्हणजे सी-११ आणि सी-१२ उंच, सी-१० आणि सी-१३ त्यांच्या दोन बाजूंना. जिवाणू हा रेणू शेपटीच्या टोकाकडून खायला सुरुवात करतात, आणि सल्फोनेटपासून टोक जितकं लांब तितकं ते सोपं. म्हणून लांब शेपटीचे रेणू आणि २-फेनिल समघटक आधी संपतात. लांब शेपट्या गाळालाही जास्त चिकटतात. या दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने: नदीत काही काळ राहिलेल्या पाण्यात सी-१३ खचतो, सी-१० आणि सी-११ वर येतात, आणि प्रत्येक पीकचा मागचा खांदा झिजतो.

आता तुमच्या ब्लँककडे पुन्हा बघा. त्याचे चार पीक पाकिटातल्या डिटर्जंटसारखे आहेत का? सी-१३ ठसठशीत आणि २-फेनिलचा खांदा शाबूत? मग ते बाटली धुणाऱ्याचं. नदीच्या नमुन्यातही तोच आकार दिसला तर मी तो नमुना बाद करतो, आकडा कितीही पटण्यासारखा असला तरी. अपवाद फक्त सांडपाण्याच्या तोंडाशी घेतलेल्या नमुन्याचा, तिथे ताजा आकार दिसणं साहजिक आहे. चार पीकची बेरीज करून एक आकडा देणारा माणूस ही सगळी साक्ष कचऱ्यात टाकतो. होमोलॉग नेहमी वेगवेगळे कळवा.

अंतर्गत स्टँडर्ड म्हणून सी-८ किंवा सी-९ एलएएस घ्या. बाजारातल्या मालात ते नसतं, आणि ते नमुना घेतानाच बाटलीत टाकायचं, व्हायलमध्ये नाही. व्हायलमध्ये टाकलेलं स्टँडर्ड बाटलीच्या भिंतीबद्दल काहीच सांगत नाही. एक मर्यादा ध्यानात असू द्या: सी-९ची शेपटी आखूड असल्याने ते सी-१३इतकं चिकटत नाही. सी-९ची रिकव्हरी (टाकलेल्यापैकी परत मिळालेला हिस्सा) ९५ टक्के आली म्हणून सी-१३चीही तितकीच असेल असं धरू नका; सी-१३साठी नदीच्याच पाण्यात मिसळून वेगळी रिकव्हरी काढा.

नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेट (एनपीईओ) याच फ्लुरोसन्सवर दिसतात. उत्तेजन तेच, उत्सर्जन थोडं पुढे, ३०० ते ३०५. १९८७ मध्येच मार्कोमिनी आणि गिगर यांनी एलएएस, एनपीईओ आणि नॉनिलफेनॉल एकाच एचपीएलसी पद्धतीत मोजले होते, म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं 'हो' आहे. पण रिव्हर्स फेजवर (सी-१८, सी-८ सारख्या कॉलमवर) एनपीईओची सगळी कुळी एका पीकमध्ये कोंबली जाते, कारण तिथे वेगळं होतं ते शेपटीच्या लांबीवर, आणि ती सगळ्यांची सारखी. इथॉक्सी साखळीच्या लांबीप्रमाणे वेगळं करायचं तर नॉर्मल फेज, अमिनो किंवा डायोल कॉलम लागतो. नदीत हे वेगळं करणं महत्त्वाचं आहे, कारण जिवाणू साखळी तोडत तोडत एक-दोन इथॉक्सीवर आणतात, हवा असेल तर टोकाला कार्बॉक्सिल करतात, आणि हवा नसलेल्या गाळात शेवटी नॉनिलफेनॉल उरतं. मूळ पदार्थापेक्षा हा शेवट जास्त विषारी. १९८४ मध्ये गिगर आणि सहकाऱ्यांनी सांडपाण्याच्या गाळात साचलेलं ४-नॉनिलफेनॉल दाखवलं, तेव्हापासून सगळ्यांचं लक्ष या तुकड्यांकडे वळलं.

फ्लुरोसन्सचा इथे एक गुण आहे जो मास स्पेक्ट्रोमीटरकडे नाही. चमकणारं वलय प्रत्येक रेणूत एकच, त्यामुळे मोलच्या हिशेबात सगळ्या एनपीईओंचा प्रतिसाद जवळपास सारखा. इलेक्ट्रोस्प्रेत (मास स्पेक्ट्रोमीटरसाठी आयन बनवण्याच्या पद्धतीत) तसं नसतं: एक इथॉक्सी असलेला रेणू फार क्षीण दिसतो आणि सहा-सात असलेला प्रचंड. तांत्रिक मिश्रणाचं एकच स्टँडर्ड लावून एलसी-एमएसवर (एलसीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) 'एकूण एनपीईओ' सांगितलं की नदीतल्या आखूड साखळ्या हमखास कमी मोजल्या जातात. त्यांना स्वतःची स्टँडर्ड लागतात.

स्टँडर्डवरून एक सापळा सांगतो, कारण यात बरेच जण पडतात. कॅटलॉगमध्ये '४-एन-नॉनिलफेनॉल' स्वस्त आणि शुद्ध मिळतं. ते सरळ शेपटीचं आहे. पर्यावरणात असतं ते फांद्यांच्या शेपट्यांचं मिश्रण. दोघांचा निघण्याचा वेळ वेगळा, आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर दोघांचा पालक, म्हणजे फुटण्याआधीचा आयन, २१९ असला तरी सरळ शेपटीचा तुकडा १०६ आणि फांद्यांच्या मिश्रणाचे १३३, १४७. सरळ शेपटीच्या स्टँडर्डवर २१९ ते १०६ अशी पद्धत बसवली, तर नदीत नॉनिलफेनॉल कधीच सापडणार नाही, आणि अहवाल वर्षानुवर्षं स्वच्छ येत राहील. सरळ शेपटीचं फार तर रिकव्हरी पाहायला वापरा. मोजायला तांत्रिक मिश्रण, आणि जमलं तर कार्बन-१३ लावलेलं अंतर्गत स्टँडर्ड.

फ्लुरोसन्स इथे पुरतो का, हे तुम्हाला कुठला आकडा गाठायचाय त्यावर ठरतं. युरोपीय संघाचं पृष्ठजलासाठी नॉनिलफेनॉलचं वार्षिक सरासरी मानक ०.३ मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, कमाल २.०. अंतर्देशीय पाण्यात ऑक्टिलफेनॉलचं ०.१. आणि तिथला नियम असा की मोजणीची मर्यादा मानकाच्या ३० टक्के किंवा त्याखाली हवी, म्हणजे नॉनिलफेनॉलला ०.०९. फ्लुरोसन्सवर हे ओढूनताणून जमेल, ऑक्टिलफेनॉलचं ०.०३ मात्र दुधाची तहान ताकावर भागवण्यासारखं होईल. तिथे एलसी-एमएस/एमएसला पर्याय नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २००५ चा गोड्या पाण्याचा निकष (नॉनिलफेनॉल, दीर्घकालीन ६.६ आणि तीव्र २८ मायक्रोग्रॅम) एवढंच बघायचं असेल तर तुमचं सध्याचं यंत्र आरामात पुरेल.

अल्कोहोल इथॉक्सिलेट आणि अल्किल इथर सल्फेटला ना यूव्ही ना चमक. इथॉक्सिलेटच्या टोकाचा हायड्रॉक्सिल फेनिल आयसोसायनेट किंवा नॅफ्थॉइल क्लोराइडशी जोडून दिसता करता येतो, पण पाण्याचा थेंब राहिला तरी ती क्रिया बिघडते. मी आता तो खटाटोप करत नाही, सरळ मासवर नेतो. बाष्पीभवन-प्रकाशविकिरण डिटेक्टरवर ट्रेस पातळी गाठण्याची आशा धरू नका.

बेंझाल्कोनियम एकाच इंजेक्शनमध्ये? नाही, आणि एकाच कार्ट्रिजमध्येही नको. ते धनभारित आहे. काच, सिलिका, स्टील, फिल्टर, जिथे ऋणभार दिसेल तिथे चिकटतं, शिवाय नमुन्यातल्या एलएएसशीच जोडी करून बसतं. त्याला दुबळी कॅटायन-एक्सचेंज कार्ट्रिज, उतरवायला फॉर्मिक आम्ल घातलेलं मिथेनॉल, आणि पॉलिप्रोपिलीनच्या व्हायल. मासवर सी-१२ बेंझाल्कोनियम ३०४ वरून ९१ आणि २१२, सी-१४ ३३२ वरून ९१ आणि २४०. सगळ्यात मोठ्या स्टँडर्डनंतर लागोपाठ दोन ब्लँक लावा. पहिल्यात काही उरलेलं दिसतंच. दुसऱ्यातही दिसलं तर सुईचं धुण्याचं द्रव आम्लयुक्त करा.

मासवर जाणार असाल तर तीन गोष्टी. एलएएस निगेटिव्हमध्ये: सी-१० ते सी-१३ अनुक्रमे २९७, ३११, ३२५, ३३९, आणि चौघांचा तुकडा १८३, पुष्टीसाठी १७०. एनपीईओ पॉझिटिव्हमध्ये अमोनियमला धरून: एक इथॉक्सीचा २८२ वरून १२७, दोनचा ३२६ वरून १८३. मोबाइल फेजमध्ये अमोनियम कमी पडलं की हे रेणू काचेतून सुटलेल्या सोडियमला धरतात. सोडियमवाला आयन फुटत नाही, आणि पीक कारण न देता नाहीसा होतो. तिसरी गोष्ट ह्युमिकची: फ्लुरोसन्सला जे दिसत नव्हतं ते इथे आयनीभवन दाबून बदला घेतं. समस्थानिक स्टँडर्ड नसेल तर नमुन्यातच ठरावीक मात्रा मिसळून पुन्हा मोजा, किंवा अर्क दहापट पातळ करून आकडा दहाव्या हिश्शाला येतो का बघा. दाब असेल तर तो दहाव्या हिश्शापेक्षा जास्त येतो.

शेवटी हिशेब, कारण ब्लँकचा खरा परिणाम तिथे दिसतो. समजा २५० मिलिलिटर पाणी, अर्क १ मिलिलिटर, आणि यंत्र अर्कात ४२० मायक्रोग्रॅम प्रति लिटर दाखवतं. म्हणजे अर्कात ०.४२ मायक्रोग्रॅम, आणि नदीत १.६८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. आता शोधमर्यादा, म्हणजे खात्रीने ओळखता येणारी सगळ्यात कमी पातळी. सात नमुन्यांत १ मायक्रोग्रॅम मिसळून प्रमाण विचलन ०.११ आलं, तर त्याला ३.१४३ ने (सात नमुन्यांसाठीचा सांख्यिकीय गुणक) गुणून ०.३५ मिळते. छान दिसते. पण तुमच्या सात ब्लँकची सरासरी ०.२० आणि विचलन ०.१५ असेल, तर ०.२० अधिक ३.१४३ गुणिले ०.१५, म्हणजे ०.६७. दोनपैकी मोठी तीच तुमची मर्यादा. यंत्र दुप्पट संवेदनशील घेतलं तरी ०.६७ हलणार नाही; ते हलेल फनेल बदलल्यावर.

ब्लँक वजा करायचा का असं लोक विचारतात. मी करत नाही. ब्लँक आणि नमुना दोन्ही आकडे शेजारी लिहितो. ब्लँक नमुन्याच्या एक-पंचमांशाहून मोठा असेल तर तो नमुना पुन्हा घेतो. ब्लँक रोज बदलत असताना त्याची वजाबाकी म्हणजे अंदाजातून अंदाज काढणं.

तुम्ही सोमवारी काय कराल ते सांगतो. नदीचं पाणी बाजूला ठेवा. मिथेनॉल घेऊन एकेक भांडं विसळा, प्रत्येक विसळ फ्लुरोसन्सवर २२५/२९५ ला लावा, आणि ते चार पीक कुठून येतात ते शोधा. फिल्टरच्या फनेलपासून सुरुवात करा.